आधी खालचं बोंड

माझा प्रोग्राम चुकलाय हे तोंडावर सांगणारं एकच माणूस होतं. सुमनमावशी.

आज सकाळी ती वारली.

२००४. सिंदी मेघेतली माझी पुढची खोली. पांढरी चादर, मागून आणलेला प्रोजेक्टर, माणसाकडे तोंड केलेला वेबकॅम.
चादरीवर पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं शेत. समोर हात हलवला की बोंडं फुटायची.

कुठल्याही क्लासला न जाता, हेल्प फाइल वाचून केलेलं. ओळ न् ओळ माझी. दोन दिवसांनी मी शिकवायचो त्या कॉलेजच्या प्रदर्शनात लावायचं होतं.

मावशी आंजीहून एसटीनं डोळे दाखवायला आलेली. म्हटलं, "हलव हात."

फटाफट बोंडं फुटली.
ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काऊन रे बापू, लाह्या फोडून राह्यला का?"
"कापूस आहे तो!"
"कापूस हात दाखवल्यानं फुटते? उन्हानं फुटते. अन् आधी खालचं बोंड, मंग वरचं. तू तं शेंड्यापासून सुरू झाला."
"मावशी, हे आर्ट आहे."
"असन. पऱ्हाटी नाई."

राग आला. पण जन्मभर कापूस वेचलेल्या बाईशी काय वाद घालणार?

दोन दिवस बसून प्रोग्राम उलटा केला. कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या दोन चित्रांत फरक दिसला, की शेत थांबणार. फरक नसला, म्हणजे माणूस स्तब्ध असला, तरच बोंड उकलणार.
आधी खालचं.

प्रदर्शनात पोरांनी हात हलवले, उड्या मारल्या. काही नाही.
"बंद पडलं वाटते, सर."


मग माझ्यासोबत आलेली मावशी पुढे आली. बांधावर उभी राहायची तशी उभी राहिली. नुसती.

खालचं एक बोंड उकललं.
मग शेजारचं.
मग वरची फांदी.

हळूहळू अख्खी चादर पांढरी झाली आणि तो उजेड मावशीच्या तोंडावर आला.
केलं मीच होतं, तरी मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

मावशीनं नकळत पदराची ओटी खोचली.
"आता येचू का रे?"
हात पुढे केला, आणि शेत थांबलं.

"वेचायचं अजून बनवलं नाही, मावशी."
"मंग बनवजो. फुटला कापूस झाडावर ठेवत नाई."

पाच वर्षं झाली. जमलं असतं. राहून गेलं.

आज तिच्या अंगावर पांढरं कापड होतं. मी हात न हलवता बराच वेळ उभा राहिलो.

वेचणी लिहायला घेतोय, मावशी.
शेवटचा नमस्कार.