काकूंसमोरून गेलेलं तबक

गुलाबाच्या अत्तराचा वास आला की मी अजून हात धुऊन येते. उद्योजिकांच्या त्या सत्काराला प्रत्येकीनं आपलं प्रेरणास्थान सोबत आणायचं होतं. मी काकूंना नेलं. काका गेल्यावर इतवारीतलं भांड्यांचं दुकान एकटीनं चालवणाऱ्या काकूंनीच मला धंदा शिकवला होता. आधी स्टेजवर हळदीकुंकू झालं. आयोजक बाईंनी मला कुंकू लावलं, हाताला अत्तर लावलं आणि विधवा म्हणून काकूंना वगळून तबक पुढे नेलं. माइकवर मात्र काकूंच्याच जिद्दीचं कौतुक चालू होतं. मी उठू लागले, तर काकूंनी माझा पदर धरला. “बस वं, मले सवय आहे. तुझा सत्कार होऊन राहिला ना.” मी बसले. फोटोसाठी हसलेसुद्धा. तो फोटो अजून माझ्या केबिनमध्ये आहे, आणि त्यात माझे सगळे दात दिसतात.