प्रश्न विचारून गप्प बसायचं

माझी सून इथे अल्फारेटात हायस्कूलला इतिहास शिकवते. अमेरिकेचा इतिहास, तोही अमेरिकन मुलांना! नागपुरात वाढलेली मुलगी, मला कौतुकच. गेल्या उन्हाळ्यात तिला वरच्या पातळीचा वर्ग हवा होता, ज्याची परीक्षा चांगली गेली की मुलांना कॉलेजची क्रेडिट्स आधीच मिळतात तो. त्यासाठी आधी शिक्षकांनाच ट्रेनिंग. आठवडाभर, कॉम्प्युटरवर, आमच्या जेवणाच्या टेबलाशी. शेवटी सगळ्यांसमोर एक धडा घ्यायचा आणि ट्रेनरबाईंचं मत शाळेला कळणार. त्याच वर्गावर शाळेतल्या फुटबॉल कोचचाही डोळा होता, इथे कोचही इतिहास शिकवतात.

"आई, मी गडबडले ना, तर म्हणतील, बाहेरून आलेलीला आमचा इतिहास काय कळणार."

आणि गडबड पहिल्याच दिवशी झाली. ट्रेनरबाई म्हणाल्या, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देऊन टाकता. मुलांना विचार करायला वेळ द्या, गप्प बसा. आता सांगा, आपल्याकडे दुसरं काय होतं? बाईंनी विचारायचं, बाईंनीच सांगायचं, आपण वहीत उतरवायचं. मी सातवीपर्यंत तेच केलं, पुढचं काय ते माझं मी वाचून शिकले.

मग सराव माझ्यावर. एक जुना फोटो समोर ठेवला. कापडगिरणी, आणि यंत्रापाशी उभी लहान पोरं.

"फोटो काढणाऱ्याला काय दाखवायचं असेल?"

मी चष्मा नीट करते न करते तोच, "म्हणजे बघा आई, तेव्हा बालमजुरी..."

"अगं, बोलू देशील का मला?"

लेक माझा वरून ओरडला, "आई, या घरात गप्प बसायची प्रॅक्टिस? गुड लक!"

"तू मीटिंग कर तुझी," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

तीन-चार दिवस झाले तरी तिची सवय जाईना. ती जेवेना, माझा जीव थाऱ्यावर नाही. कोथिंबीर निवडायला घेतली ती निवडून झाली तरी निवडतच राहिले.

शुक्रवारी तिचा धडा. मी स्वयंपाकघरात, ती टेबलाशी. तिने फोटो दाखवला, प्रश्न विचारला. आणि सगळं शांत. किती वेळ! मला वाटलं, नेट गेलं. नेट गेलं की राउटर बंद करून चालू करायचा, एवढं मला लेकाने शिकवलंय. धावत गेले, स्विचवर बोट ठेवलं, मागे पाहिलं तर ती पदर घट्ट धरावा तशी ओढणी मुठीत आवळून बसलेली. स्क्रीनवरची माणसं हलत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बोट काढलं.

तेवढ्यात पलीकडून एक माणूस अडखळत म्हणाला, ती पोरं कॅमेऱ्याकडे बघतायत, म्हणजे त्यांना तसं उभं केलं असेल का? दुसरी कोणी म्हणाली, नाही, मला तसं वाटत नाही. जुंपलीच की त्यांची! आमची बाई गप्प.

ट्रेनरबाईंनी शाळेला चांगलं मत कळवलं. शाळेने त्या वर्गाच्या दोन तुकड्या केल्या. एक तिला, एक कोचना. तिला सगळा वर्ग हवा होता, रुसली थोडी. वर कोच तिलाच विचारायला येतात, धडा कसा घ्यायचा म्हणून. आता मुलांची परीक्षा मे महिन्यात आहे, आणि ती त्यांचे निबंध तपासत बसली की मी काही विचारायला उगाच तिच्या दारापर्यंत जाऊन न विचारताच परत येते.