लग्नपत्रिकेच्या पाठीवरचं वचन

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या वर्षाच्या उपासनेनंतर टोपली फिरते. जुन्या लग्नपत्रिका कापायच्या, कोऱ्या पाठीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एकेक वचन लिहायचं आणि टोपलीत टाकायचं. मग प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायचं आणि ते वर्षभर आपलं समजायचं. कुणाला शांतीचं येतं, कुणाला भाकरीचं. वचनं लिहायचं काम माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे आहे. त्यांचं अक्षर चांगलं, वाचणं खणखणीत. बायकांच्या प्रार्थनेत अर्थ सांगायचा मानही त्यांचाच.

त्या वर्षी माझी मुलगी माहेरी होती. तिला घनसावंगीकडे दिलेली. परतूरच्या दवाखान्यात तिला मेलेलं मूल झालं, म्हणून मी तिला वाटूरजवळच्या आमच्या गावी विसाव्याला आणलं होतं. उपासनेला ती शाल पांघरून माझ्या शेजारी बसली. तिने टोपलीतून उचललं ते ईयोबाच्या पुस्तकातलं होतं. आठवून पाहा, निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का, अशा अर्थाचं. तिला काही कळेना. तिने जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनी ते हातात घेऊन मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "देवानं बोट ठेवलं बघ पोरी. काय असंल ते मनातलं कबूल करून टाक. मोकळी होशील."

कागद हातात आला तो योगायोगाने. बोट ठेवलं ते जाऊबाईंनी.

चारचौघांत माझी जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासून. पदर घट्ट धरून बसले आणि मनात म्हणाले, हे मी फेडून घेईन.

प्रभुभोजनात येशूच्या आठवणीची भाकरी आणि प्याला फिरतो, मनात पाप असेल त्याने घेऊ नये म्हणतात. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट मुलीपुढे आलं. तिने ते तसंच पुढे सरकवलं. प्यालाही सरकवला. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, माझ्यामुळं लेकरू गेलं, मी कोणत्या तोंडानं घेऊ. जावयाचा फोन यायचा, कधी न्यायला येऊ म्हणून. ती फोन माझ्या हातात द्यायची आणि मागे गोठ्याकडे निघून जायची. ते वचन तिने बायबलात ठेवलं होतं. रोज काढून वाचायची. पत्रिकेची सोनेरी किनार बोटं लागून काळी पडत चालली होती.

मी शास्त्र वाचायला बसले ते भक्तीने नाही. जाऊबाईंच्या तोंडावर मारायला एखादं वचन हवं होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षराखाली बोट ठेवून वाचते, लांब शब्द आला की दोनदा फोडते. आधी स्तोत्रं उघडली, कारण तिथे दावीद राजा शत्रूंविषयी देवापाशी जे मागतो ते मला माहीत होतं. एका ठिकाणी तो त्यांचे दात पाडायला सांगतो. ते मला फार आवडलं. कापूस वेचताना मी तेच मागत राहिले. त्याच महिन्यात जाऊबाईंची दाढ दुखायला लागली, जालन्याला जाऊन काढून घ्यावी लागली. गाल सुजलेला घेऊन त्या दारात बसलेल्या दिसल्या, तेव्हा मी चुलीकडे तोंड करून हसले. खोटं कशाला लिहू. पण दाढ गेली तरी त्यांचं बोलणं माझ्या मुलीच्या मनातून गेलं नाही.

मग मी ईयोब उघडला. ज्या वचनाने मारलं ते निदान कुठे राहतं ते बघू, म्हणून. सापडलं. पण त्याच्या वरती काय आहे ते वाचलं तर बोलणारा देव नव्हताच. ईयोबाची लेकरं मेलेली, अंगभर फोड आलेले, आणि त्याचा एक मित्र त्याला भेटायला येऊन हे बोलत होता. पाहुणा येतो, बसतो, आणि दुखत्या माणसालाच दोष देतो. मी दचकले. हा तर आमच्या घरातलाच प्रकार.

पुढे मी थांबू शकले नाही. त्या मित्राचं काय होतं हे मला बघायचं होतं. मधले पुष्कळ अध्याय मला नीट कळले नाहीत, अजूनही कळत नाहीत. सगळेच गोड आणि मोठं बोलतात, ईयोबही रागाने बोलतो. गोंधळ झाला की मी मागे जायची आणि बोलायला सुरुवात कोणी केली ते शोधायची. ते सापडलं की वाट सापडायची. असं करत शेवटाला आले. शेवटी देव त्या मित्रावर आणि त्याच्या सोबत्यांवर रागावतो. तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत, म्हणतो. ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, म्हणतो. मी बायबल मिटलं आणि म्हशीला वैरण टाकायला गेले. आनंदाच्या भरात दोन पेंढ्या जास्तच टाकल्या.

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "पण शास्त्रातच लिहिलंय ना, माय? तू चौथी शिकलेली. मोठीमाय इतकी वर्षं अर्थ सांगून राह्यल्या."

तिचं चुकलं नव्हतं. ज्या तोंडून ते आलं होतं, त्याच तोंडून परत गेलं पाहिजे होतं.

बायकांची प्रार्थना शुक्रवारी दुपारी, पाळीपाळीने एकेकीच्या घरी असते. ज्या घरी असेल तिथली बाई वाचायचा भाग ठरवते. माझी पाळी आली की मी नेहमी जाऊबाईंना म्हणायची, बाई, तुम्हीच काढा. या वेळी मी ईयोबाचा शेवटचा अध्याय काढून ठेवला. जाऊबाईंनीच वाचला. देव मित्रांवर रागावतो ते वाचताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काहीच नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, बघा, देवानं ईयोबाला दुप्पट दिलं, आपल्यालाही देईल. बायका आमेन म्हणाल्या, चहा प्याल्या, घरी गेल्या. मुलगी कप विसळत राहिली.

सगळे गेल्यावर मी ओट्यापाशी बसून राहिले. मला माझाच राग आला. जाऊबाईंनी मधलं एक वाक्य कापून काढलं होतं, मी शेवट कापून आणला होता. कोण कोणाला काय बोललं हे कुणालाच माहीत नाही, तर शेवटी देव कोणावर रागावला हे कसं कळणार?

पुढच्या शुक्रवारी दुसरीचं घर होतं. सगळ्या उठायच्या वेळी मी खाली मान घालून बोलले, की ईयोब पहिल्यापासून वाचू या, दर शुक्रवारी माझ्याच घरी, चहा माझा. एका म्हातारीने गंमत केली, चहात साखर असंल तर रोज येते. जाऊबाईंना हे मानाचं वाटलं. वाचणार त्याच होत्या.

मी फक्त एक करायची. अध्याय सुरू व्हायच्या आधी विचारायची, बाई, आता कोण बोलणार हाय? सुरुवातीला बायका हसल्या. मग त्यांनाही चटक लागली. टीव्हीवरच्या मालिकेसारखं त्या आधीच ओळखायला लागल्या. ईयोबाची लेकरं गेली तेव्हा म्हातारीने डोळे पुसले. मुलगी दर वेळी स्वयंपाकघराच्या दारात पीठ चाळत बसायची. चाळणी मध्येच थांबायची, ते मला कळायचं.

मित्राच्या पहिल्या बोलण्याचा शुक्रवार आला. मी विचारलं, कोण बोलणार हाय? म्हातारी म्हणाली, तो पाहुणा. जाऊबाई वाचायला लागल्या आणि त्या ओळीवर आल्या. ओठांवर शब्द आले आणि थांबले. त्यांनी ओळखलं. त्यांचंच अक्षर, त्यांनीच लिहिलेली ओळ.

मुलगी दारातून म्हणाली, "मोठीमाय, तुम्ही तर देव बोलला म्हणल्या होत्या."

जाऊबाईंनी चष्मा पुसला. "पुढं काय हाय ते पाहू," एवढंच म्हणाल्या आणि अध्याय संपवला.

पुढचं मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. आठवड्यामागून आठवडे मी त्यांना तो मित्र आणि त्याचे सोबती वाचायला लावले. त्यांचा आवाज दर शुक्रवारी जरा खाली जायचा. एकदा म्हणाल्या, गुडघा दुखतो, आज दुसरीला वाचू दे. मी पाट पुढे सरकवला आणि म्हणाले, पाय पसरून बसा बाई, पण वाचा तुम्हीच. इतकं मोठं वाक्य मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते.

शेवटच्या अध्यायाला वर्ष फिरून तूर काढणी उरकत आली होती. देवाचा राग त्यांनी वाचला. मुलगी बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, ते पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मग मित्रांनी ईयोबाकडे जायचं, ते वाचलं. पुस्तक मांडीवर ठेवून त्या मुलीला म्हणाल्या, "पोरी, मी चुकले. माझ्यासाठी प्रार्थना कर."

मला वाटलं होतं त्या माझ्याकडे येतील. त्या बरोबर जागी गेल्या. मुलीने डोळे मिटले आणि थोडक्यात, साध्या शब्दांत प्रार्थना केली. सगळ्या आमेन म्हणाल्या. मी नुसते ओठ हलवले.

पुढच्या प्रभुभोजनाला ताट तिच्यापुढे आलं आणि थांबलं. तिने भाकरी घेतली. मी समोर बघत होते, जाऊबाईंच्या पाठीकडे. त्याच आठवड्यात जावई येऊन तिला घेऊन गेले.

वचन ती माझ्यापाशीच ठेवून गेली. ती गेल्यावर जाऊबाई घरी आल्या. ते वचन दे, चुलीत टाकते, म्हणाल्या. आता टोपलीसाठी लिहिताना आधी वरचं-खालचं वाचते, हेही म्हणाल्या. मी चहा केला, साखर घालून. वचन दिलं नाही.

ते माझ्या बायबलात आहे, ईयोबाच्या जागी. मिटलेल्या पानांतून त्याची काळी पडलेली किनार थोडी बाहेर दिसते. शुक्रवारी वाचताना जाऊबाई माझ्या शेजारी बसतात. त्यांनाही दिसते.