सासऱ्यांचं घड्याळ आणि मेव्हणीचं लग्न

आधी चहाचा कप खाली ठेवा, सांडेल. अजूनही आशागडला सासरी गेलो की लोक लांबूनच मला हात हलवून दाखवतात, आणि ते प्रेमापोटी नाही बरं का! पराक्रमच तसा करून ठेवलाय मी.

झालं काय, मेव्हणीचं लग्न. सकाळी तलासरीहून निघायच्या गडबडीत कपाट उघडलं, तर सासऱ्यांनी मला लग्नात दिलेलं घड्याळ ठप्प! आमचे सासरे चिकूच्या वाडीतलं झाड न् झाड ओळखणारे. मी भेटलो की आधी मनगट बघतात, मग तोंड. घड्याळ बंद दिसलं असतं तर मेलोच!

टिचक्या मारल्या. उन्हात ठेवलं. तांदळाच्या डब्यात पुरलं. मोबाइल भिजला की करतात ना, तसं. घड्याळ ठणठणीत कोरडं होतं, तो भाग वेगळा.

"अहो, त्याला सेल नसतो," माझी बायको सुजाता म्हणाली. "हाताच्या हालचालीवर चालतं ते. बाबांनी देतानाच सांगितलं होतं. कपाटात झोपवून ठेवलंत, मग काय होणार?"

"बाबांना बोलू नकोस हं!"

"मग हलवा हात."

हलवला! सुजाता स्कूटर चालवतेय आणि मी मागे बसून हात हलवतोय. गंजाड येईपर्यंत निम्म्या रस्त्याने मला टाटा केला. एक टमटमवाला तर थांबून "कुठे जायचं?" विचारून गेला.

मांडवात पोचलो तरी काटा ढिम्म. मुहूर्त जवळ आलेला. नवरदेव पाटावर उभा, नवरीला मामाने अजून घरातून आणायचं होतं. म्हटलं, हीच संधी. खांबाआड गेलो, हात डोक्यावर नेला आणि दणादण हलवायला लागलो. नेमका बँडवाल्यांसमोर!

आता मुहूर्ताच्या क्षणी बँड वाजायला कुणीतरी मांडवातून हात करतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण त्या वेळी डोक्यात फक्त घड्याळ.

धडाडधूम! ढोल, ताशा, पिपाण्या, सगळं एकदम. बँड ऐकून पाहुण्यांनी अक्षता फेकल्या. एकट्या नवरदेवावर! भटजी ओरडतायत, "अहो थांबा, मंगलाष्टकं कुठे झाली?" ऐकतो कोण? मागच्या रांगा जेवायला पळाल्यासुद्धा.

"कुणी सांगितलं रे वाजवायला?" सासरे कडाडले.

"आ साहेबे!" गुजराती बँडमास्तरने माझ्याकडे बोट केलं. "केवढा जोरमां हात हलवला ने!"

अख्खा मांडव माझ्याकडे वळला. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, घड्याळ चालू करत होतो. कपाटात पडून पडून बंद झालं होतं."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला लाज वाटली हो, खरंच वाटली. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळ डोळ्यांशी नेलं.

"जावईबापू, चावी बाहेर ओढलेली आहे. संध्याकाळपर्यंत हलवलंत तरी चालायचं नाही!"

वेळ लावायला सकाळी मीच ओढली होती ती. त्यांनी नखाने आत दाबली आणि काटा पळायला लागला.

मग पाहुण्यांना ताटांवरून उठवून आणलं, पुन्हा अक्षता वाटल्या. नवरी आली. बाबांनी मला सगळ्यांदेखत पुढे बोलावून अंतरपाट धरायला दिला. म्हटलं, एवढं होऊनही जावयाचा मान राखला माणसाने! मला अगदी भरून आलं.

"दोन्ही हातांनी धरा," बाबा कानाशी येऊन म्हणाले, "आणि लग्न लागेपर्यंत एकही हात मोकळा दिसता कामा नये."