काझ मारुशाकची हाताची घडी

माझ्या भावाने आयुष्यात एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे मारामारी. ओट्सच्या कारखान्यात तो पोती उचलायचा, पण ते पोटासाठी. काझचं खरं आयुष्य शनिवारी सकाळी सुरू व्हायचं आणि रविवारी संध्याकाळी संपायचं. त्या दोन दिवसांत तो सॉकर, बास्केटबॉल आणि फुटबॉल बघायचा आणि मधल्या वेळात कुणाचे तरी दात पाडायचा.

सॉकर म्हणजे पायाने खेळतात तो. अमेरिकेत, आमच्या बफेलोकडे फुटबॉल म्हणतात तो वेगळा, चेंडू काखेत धरून एकमेकांची हाडं मोडण्याचा. आमच्या घराला वेड त्याचंच.

हे दुखणं आम्हाला वारशाने आलं. बाबा लॅकवानाच्या पोलादाच्या भट्टीवर कामाला होते. मूळचे पोलिश, मनगट हे असं. रविवारी संघ हरला की आई आम्हा दोघांना कोटांच्या कपाटात कोंबायची आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहायची. पट्टा आधी तिच्यावर पडायचा, मग आमच्यावर. आणि आमचा संघ, देवाची कृपा, हरायचाही फार.

पण मैदानावर गेले की बाबा वेगळेच. आपल्या गड्याने चेंडू रेषेपार नेला रे नेला, की ते काझला दोन्ही हातांनी उचलून छातीशी घट्ट धरायचे. घरी त्यांचा हात त्याला लागायचा तो मारायलाच. मिठी फक्त तिथे, त्या थंडगार लोखंडी खुर्च्यांवर. काझ आज पन्नाशीला टेकलाय, डोक्यावर एक केस नाही, बायको सोडून गेलेली, तरी दर रविवारी तो त्या एका मिठीसाठी बापाशेजारी जाऊन बसायचा. हे कळायला अक्कल लागत नाही, बहीण असावं लागतं.

आमच्या तीन खुर्च्या होत्या: बाबांची, काझची, आणि आई गेल्यावर माझी. सप्टेंबरात काझने पाहुण्या संघाच्या एका माणसाला पायऱ्यांवरून खाली गडगडत पाठवलं. मैदानवाल्यांनी त्याला आत बोलावून तोंडावर सांगितलं, "पुन्हा कुणावर हात टाकलास, इथे किंवा गावात कुठेही, आणि पोलिसात नाव गेलं, की हा दरवाजा तुला कायमचा बंद. खुर्च्या तुझ्या बापाच्या नावावर आहेत, त्या राहतील. तू नाही."

त्या दिवशी काझ घरी आला आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर हाताची घडी घालून बसला.

"रेना, आता मी कुणालाही मारणार नाही."

"आणि हात शिवशिवले तर?"

"टेबलं आहेत की."

आमच्याकडे फुटबॉलच्या सामन्याआधी गाड्या लावायच्या पटांगणावर लोक चुली पेटवतात, बिअर पितात आणि गाड्यांच्या टपावरून घडीच्या टेबलांवर उड्या मारतात. टेबल दुभंगलं तर दिवस चांगला जातो म्हणे. शहाणी माणसं घरच्या टेबलावर जेवतात, आमची त्यावर आपटतात. टेबलांवर बंदी नव्हती.

मी सांगतेय तो नोव्हेंबरातला शनिवार-रविवार. शनिवारी सकाळी काझ मुक्बिलबरोबर सॉकर बघायला गेला, आणि लक्ष ठेवायला मी मागोमाग. मुक्बिल आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार, येमेनी. त्याचा बाप आणि आमचा बाप एकाच भट्टीवर भाजले गेले. त्याचे पुतणे गावच्या संघात खेळतात. समोरच्या संघाचा एक ढेरपोट्या रेषेवर उभा राहून सारखा ओरडत होता, "उंटावर बसा आणि घरी जा रे!"

काझचे कान लाल झाले. मुक्बिलने त्याचा दंड धरला.

"काझ, हात खिशात. आम्ही उंट फक्त प्राणिसंग्रहालयात पाहिलाय. तिकीट काढून."

तेवढ्यात मुक्बिलच्या धाकट्या पुतण्याच्या नडगीवर कुणीतरी बूट घातला. हाड मोडल्याचा आवाज रेषेबाहेर माझ्यापर्यंत आला. मग काय, दोन्हीकडची माणसं आत घुसली. कोपराने तोंडं फुटली, कोपऱ्यावरच्या निशाणाची काठी कुणाच्या तरी पाठीवर मोडली, आणि एक म्हातारा थर्मासने लोकांची डोकी बडवत फिरत होता. त्या सगळ्या गदारोळात माझा भाऊ, ज्याच्या नावाने गावातले गुंड रस्ता बदलायचे, तो गोलच्या खांबाला मिठी मारून उभा होता. डोळे मिटलेले. कपाळ खांबावर आपटत होता, ठण्, ठण्.

मुक्बिल फाटक्या ओठाने बाहेर आला आणि त्याच्यासमोर रक्त थुंकला.

"इतकी वर्षं तुला नको तिथे मारताना पाहिलं. आज एकदा गरज होती, तर तू खांबाशी लगीन लावून बसलास!"

पुतण्याला उचलून काझनेच गाडीत घातलं. पोराचा पाय भलतीकडेच वळला होता आणि काझ त्याला हळूहळू सांगत होता, "आलंच हं इस्पितळ, आलंच."

संध्याकाळी बास्केटबॉल. आमच्या गल्लीतल्या दारूच्या गुत्त्यात सगळे टीव्हीपुढे जमतात. बाबा नेहमीच्या खुर्चीत, पुढ्यात कोंबडीच्या झणझणीत पंखांचं ताट. काझ त्यांच्याशेजारी, हाताची घडी घालून. आणि आत आला डेनी कॉनवे. हा दक्षिणेकडच्या वस्तीतला आयरिश. पुढचे दोन दात खोटे, खरे काझने काढलेले. मैदानवाल्यांची धमकी गावभर झाली होतीच. डेनी मुद्दाम काझच्या मागे जाऊन उभा राहिला.

"काय काझ, ऐकलं ते खरं का? तुला मुंज लागली म्हणे?"

"डेनी, सामना बघ."

"बघतो की. आमच्या कॉलेजचा चेंडू जाळीत पडला की एक टाळी. फक्त टाळी वाजवायला मला जागा पाहिजे."

पहिला चेंडू जाळीत पडला आणि डेनीने काझच्या टकलावर चापट मारली. लोक हसले. दुसरा पडला, दुसरी चापट, जरा जोरात. बास्केटबॉलमध्ये चेंडू काय, पावसासारखे पडतात. थोड्या वेळाने कुणी हसेना. काझचं डोकं लालबुंद झालं होतं, कानामागे वळ उठला होता, आणि तो टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून पडद्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. रडत नव्हता तो. रागाला वाटच सापडत नव्हती, तेव्हा तो डोळ्यांतून निघाला.

मी बाबांकडे पाहिलं. म्हटलं, बाप आहे, आता तरी उठेल. बाबांनी पंखाचं हाड चोखून ताटात टाकलं.

"माझ्या पोटी हे काय जन्माला आलं?" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "याच्यापेक्षा याची आई बरी होती. ती निदान मार चुकवायला तरी बघायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यावर कुठे कुणाची बंदी होती? तिखट रश्शाचं भांडं उचललं आणि डेनीच्या दोन्ही डोळ्यांत ओतलं. तो जमिनीवर लोळायला लागला, तसा मी त्याच्या बरगडीत एक लाथ घातली. मग आईच्या नावाने आणखी एक घातली. मजा आली, खोटं कशाला सांगू.

रविवारी पटांगणावर कडाक्याची थंडी होती. काझ रात्रभर झोपला नसावा. कुणाच्या तरी गाडीच्या टपावर चढला, खाली लोकांनी टेबल मांडलं, त्यावर दारू ओतून काडी लावली, आणि शंभरेक माणसं एका सुरात ओरडायला लागली. काझने उडी मारली ती नुसती उडी नव्हती. शनिवारचा ढेरपोट्या, डेनी, बाबा, सगळे त्या टेबलावर होते. टेबलाचे तुकडे झाले. लोखंडी कडेने त्याची भुवई उघडली आणि दोन्ही हातांची बोटं सालटून निघाली. मी धावले, गळ्यातला रुमाल त्याच्या कपाळाला बांधला. तो उताणा पडून हसत होता.

"खुमखुमी निघाली, रेना. सगळी निघाली आता. आज काही होत नाही बघ."

आणि खरंच, सामन्याच्या शेवटच्या पाव भागापर्यंत काही झालं नाही. आम्ही थोडे मागे होतो, पण चेंडू आमच्याकडे होता आणि गडी पुढे पुढे सरकत होते. पुढच्या रांगेत हिरव्या शर्टाचा एक पाहुणा होता. आमचा गडी आपटला की तो मागे वळून आमच्या तोंडावर नाचायचा. एकदा नाचता नाचता त्याची बिअर बाबांच्या मांडीवर सांडली. सांडली की सांडवली, देव जाणे. हसला मात्र तो नक्की.

"मार त्याला," बाबा म्हणाले.

"बाबा, बसा. आपण जिंकणार आहोत." काझने हात मांड्यांखाली घातले.

"काल त्या आयरिश पोराने तुझ्या टकलाचा ढोल केला. आज हा माझ्यावर ओततोय. आणि तू हातावर बसतोस?"

"मी मारलं तर मला परत इथे येता येणार नाही, बाबा."

"मग येऊ नकोस. नामर्द माझ्या शेजारी बसलेला मला चालत नाही." बाबा उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एका गुडघ्यात लोखंड. "बघ. असं मारतात."

हिरवा शर्ट तेव्हा मैदानाकडे तोंड करून होता. बाबांची मूठ त्याच्या कानामागे बसली. तो पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तोंडाने आदळला, नाकाचा चेंदामेंदा झाला आणि तो दोन रांगा खाली जाऊन पडला. त्याला कुणी मारलं ते त्याने पाहिलंच नाही.

रखवालदार धावत आले. त्यांनी काय पाहिलं? कपाळाला रक्ताळलेला रुमाल, सोललेली बोटं, आणि ज्याच्या नावाची ताकीद सगळ्यांना मिळालेली तो टकला. काझचे हात तेव्हाही मांड्यांखालीच होते, त्यांनीच ते ओढून बाहेर काढले. आजूबाजूची माणसं बुटांकडे बघायला लागली. म्हाताऱ्यावर कोण बोट दाखवणार?

त्यातला एक रखवालदार बरा होता. त्याने वाकून विचारलं, "आजोबा, तुम्ही पाहिलंत? यानेच मारलं का?"

काझने मान वर करून बाबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, बाबा अडखळतील, खोकतील, निदान गप्प तरी बसतील.

"यानेच," बाबा म्हणाले. "लहानपणापासून असाच आहे. आम्ही खूप मारून पाहिलं."

"खोटं आहे!" मी किंचाळले. "ह्या म्हाताऱ्याने मारलं! मूठ बघा त्याची!"

"गप बस, रेना." काझचा आवाज अगदी शांत होता. "मीच मारलं. घेऊन चला मला."

त्यांनी त्याचे हात पाठीमागे बांधले. मागच्या रांगांतल्या लोकांनी त्याच्यावर बर्फाचे गोळे फेकले, एक बरोबर फुटक्या भुवईवर बसला. तो खुर्च्यांखालच्या बोगद्यात दिसेनासा झाला तरी बाबा मैदानाकडेच बघत होते.

"किती यार्ड राहिले?" त्यांनी मला विचारलं.

त्यांचा गळा धरायचा की आधी कोट घ्यायचा, एवढंच ठरत नव्हतं. तेवढ्यात आमच्या संघातल्या नव्या पोराने चेंडू रेषेपार नेला. सगळं मैदान उठलं. रिकाम्या खुर्चीत मागच्या रांगेतला कुणी एक अनोळखी माणूस घसरून आला होता, चष्मेवाला, तोंडाला मोहरी लागलेली. बाबांनी त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. त्याच्या पाठीवर थोपटलंसुद्धा. मी त्यांना तिथेच सोडलं.

मैदानाच्या पोटात रखवालदारांची एक खोली आहे. बहीण आहे म्हटल्यावर मला आत सोडलं. काझ बाकावर बसला होता, हात अजून मागे बांधलेले, डोक्यावरच्या छतातून लोकांच्या पायांची धडधड ऐकू येत होती. मी त्याच्या तोंडावरचं रक्त पुसायला लागले.

"मघाचा ओरडा आपलाच ना?"

"आपलाच."

"पार नेला?"

"नेला. त्या नव्या पोराने."

खाली बघत त्याने विचारलं, "बाबांनी कुणाला उचललं?"

बापाची सगळी लक्तरं माझ्या जिभेवर आली होती. काझच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती मी गिळली.

"कुणालाच नाही. हात पसरले, शेजारी बघितलं, आणि खाली बसले."

काझने मान डोलावली. फुटक्या भुवईखाली तो हसला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तसा मनाने वाईट नाही म्हातारा."