फाळक्यावरची वांगी

तात्यांचा फोन आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तात्या म्हणजे माझ्या बहिणीचे थोरले दीर, राहात्याच्या त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. मी वर्गावर निघाले होते, हातात खडू होता. तात्या म्हणाले, "सुदाम आपल्यात ऱ्हायला न्हाई." आणि मी, मूर्खासारखी, चक्क रागावले. "दाजींना सांगा, असली चेष्टा मला आवडत नाही," म्हणाले. कारण दाजींचा काही नेमच नसायचा. आवाज बदलून फोन करायचे, मला बँकेतून बोलतोय म्हणून घाबरवायचे. मग तात्या म्हणाले, "पेरूच्या बागंत पडला सकाळी. दवाखान्यात नेईस्तवर समदं संपलं हुतं." आमच्या दारातला दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवायचा राहिला होता.

दाजी, म्हणजे सुदाम, माझ्या अक्काचे यजमान आणि तात्यांचे धाकटे भाऊ. राहात्याला त्यांची पेरूची बाग आणि पेरू वाहायला एक टेम्पो. सायली त्यांची एकुलती एक. ती चालायला लागली तशी दाजींच्या मागेमागे बागेत. शेंड्याकडचा पेरू दाजी वर चढून तोडत आणि खाली सोडत, सायलीनं तो दोन्ही हातांत झेलून पोटाशी धरायचा, म्हणजे फळाला डाग लागत नाही. तिच्या शाळेत खेळाच्या बाईंनी मुलींचा फुटबॉलचा संघ काढला, तेव्हा बाकीच्या पोरी चेंडू अंगावर आला की तोंड फिरवून किंचाळायच्या. सायली मात्र तो झेलून पोटाशी धरून उभी. बाईंनी तिला तिथल्या तिथे गोलात उभी केली. दाजींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटपर्यंत कळलं नाही. ऑफसाईड म्हणजे काय हे सायलीनं त्यांना वाट्या-चमचे मांडून समजावलं, तर म्हणाले, "म्हंजी पुढं गेलेल्या मानसाला शिक्षा? हे तर आपल्या भावकीसारखंच हाय की!"

सामने बहुतेक नगरला असायचे आणि संघ यायचा दाजींच्या टेम्पोतून. मी नगरला सावेडीत राहते, त्यामुळे मलाही मैदानावर हजेरी लावणं भाग होतं. पहिल्या सामन्याला पोरींना बिस्किटं आणि थंडगार वडापाव मिळाला. दाजींना तो जणू स्वतःचा अपमान वाटला. पुढच्या खेपेला टेम्पो मैदानाच्या कडेला लागला, मागचा फाळका साखळ्यांवर आडवा झाला, त्यावर पत्रा, आणि पत्र्यावर निम्म्यातून कापलेल्या लोखंडी पिंपाची शेगडी. त्यावर जाळी. आत बाभळीचा कोळसा आणि वरून छाटणीतली पेरूची वाळकी लाकडं, वासासाठी. मी लाजेनं अर्धी झाले. इतर संघांचे पालक कसे नीट खुर्च्यांवर बसलेले, आणि आमचे दाजी डोक्याला टॉवेल गुंडाळून धुरात खोकताहेत! मध्यंतराला मात्र त्या नीटनेटक्या पालकांची रांग आमच्याच फाळक्यापुढे लागली. मग मी लाजणं सोडून दिलं आणि ताटल्या पुसायला घेतल्या.

त्यांचे नियम ठरलेले होते. खेळाआधी पोरींना फक्त भाजलेलं रताळं, तेही आदल्या दिवशी गरम राखेत पुरून ठेवलेलं. मध्यंतराला पेरू. अर्धा चिरलेला, अर्धकच्चा, कापलेली बाजू जाळीवर टेकवून जरा रेषा उठल्या की उचलायचा, वर मीठ आणि तिखट. गरम पेरू खाल्ला नसेल त्यानं मला हसू नये, मीही आधी नाक मुरडलं होतं. कणसं दोन्ही संघांना. आणि खेळ संपला की सळयांवर कोंबडी, अक्काच्या काळ्या मसाल्यात रात्रभर मुरलेली, आणि निखाऱ्यात सालीसकट भाजलेले कांदे. एकदा मी म्हटलं, "दाजी, जिंकल्यावर कोंबडी ठीक आहे, पण हरल्यावरसुद्धा?" तर म्हणाले, "जिकल्यावर कोन जेवतंय गं? नुसतं नाचतंय. हरल्यावर खरी भूक लागती." समोरचा संघ हरला तर पहिली सळई तिकडे जायची. सायली कुरकुरायची, पण तेवढ्यापुरतीच.

अक्का मात्र कधीच आली नाही. मसाला वाटून द्यायची, भाकरीची चळत फडक्यात बांधून द्यायची, टेम्पो वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहायची आणि आत जायची. लेकीच्या अंगावर चेंडू येताना तिला बघवत नसे. आणि तात्यांना तर सायलीचं खेळणंच बघवत नव्हतं. आधी ते नुसते घुम्यासारखे बसत. मग सायली दहावीत गेली, पेपरात तिचा फोटो आला, अर्ध्या चड्डीतला, हवेत आडवी झेपावलेली. त्या दिवशी तात्यांनी ओसरीवर दाजींना उभं केलं. "घरातली पोर उघड्या पायानं मैदानात लोळतीय, आन् बाप तिथं भजी तळतोय. लाज वाटती का?" दाजी म्हणाले, "भजी न्हाई तात्या. भाजतो." तात्या हसले नाहीत. "ह्या वर्सानंतर बंद," म्हणाले. दाजींनी थोरल्या भावाचा शब्द कधी मोडलेला नव्हता. त्या दिवशी ते माझ्याकडे आले, चहा घेतला, आणि पहिल्यांदाच एकही चेष्टा न करता गेले. जाताना म्हणाले, "पोरगी काय बोलत न्हाई गं. नुसती बागंत जाऊन पेरू झेलीत बसती." मला तेव्हा तात्यांचा असा राग आला होता, की समोर असते तर मी वय-बिय काही पाहिलं नसतं.

त्या वर्षीचा शेवटचा सामना नेमका चंपाषष्ठीला आला. दाजींच्या घरी खंडोबाचं मोठं प्रस्थ. आषाढीपासून घरात वांगं शिजत नाही, कांदा चिरत नाही. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, पाच जणांनी खोबरं-भंडाऱ्याचं ताट धरून तळी उचलायची, मग सगळ्यांच्या तोंडात वांगं. ती वांगीही बाजारची चालत नाहीत. तात्यांच्या विहिरीजवळच्या वाफ्यात त्यासाठीच लावलेली असतात. आणि ती भाजण्याचा मान धाकट्या भावाचा. म्हणजे दाजी मैदानावर गेले तर नैवेद्य अडणार, आणि घरी थांबले तर टेम्पो नाही, गोलात सायली नाही. तात्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता, "वांगी घरीच भाजायची."

सकाळी तात्या आंघोळ करून ओसरीवर आले, तर वांग्यांची पाटी जागेवर नाही. टेम्पो नगरच्या वाटेला लागलेला. दाजी पुढे शपथेवर सांगत, की पेरूच्या पाट्या चढवताना अंधारात तीही चुकून चढली. चुकून! पाटीवर हळदीचं बोट ओढलेलं असतं, ते त्यांना दिसलं नाही म्हणे. हे कुणाला खरं वाटत असेल तर वाटू दे, मला कधी वाटलं नाही. तात्या उपाशी, वेळ चाललेली, त्यांनी शेजाऱ्याला जीप काढायला लावली, तळीचं ताट, खोबरं आणि भंडारा मांडीवर घेतला आणि नगर गाठलं. मी फाळक्यापाशीच उभी होते. जीपमधून उतरणारे तात्या पाहून मी दाजींच्या पाठीमागे सरकले. पण तोवर वांगी निखाऱ्यावर चढली होती, साली तडकत होत्या. त्या धुराजवळ तात्या आले आणि थबकले. चार-पाच महिन्यांत नाकाला न लागलेला तो वास... माणसाच्या रागाचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

"हे घरी न्यायचं कसं आता?" तात्या ओरडले.

"घरी नेईस्तवर तिसरा प्रहर हुईल," दाजी खाली मान घालून वांगी परतत म्हणाले. "देव काय राहात्यातच ऱ्हातो व्हय?"

दाजींनी भरीत ठेचलं. भाजलेली मिरची, लसूण, शेंगदाण्याचा कूट, कांद्याची पात. बाजरीचे रोडगे निखाऱ्यातून काढले. तळीला पाच जण हवेत. तात्या, दाजी, जीपवाला. आणखी दोघांसाठी तात्या इकडेतिकडे पाहू लागले, तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी झाली आणि सायली आणि तिची कॅप्टन धावत आल्या, गुडघ्यांना माती, सायलीच्या हातांत गोलकीपरचे मोजे. दाजींनी दोघींना ताटाला हात लावायला सांगितलं. तात्या म्हणाले, "बायका तळी उचलत न्हाईत." दाजी म्हणाले, "मग थांबा, मानसं येत्यात का बघू. भरीत थंड हुतंय." तात्यांनी एकदा भरिताकडे पाहिलं, एकदा पोरींकडे. मग सायलीला म्हणाले, "मोजं काढ आधी." मैदानाच्या कडेला, त्या फाळक्यापुढे, येळकोट येळकोट जय मल्हार झालं. पोरींच्या कपाळभर भंडारा. सायली तशीच पिवळ्या कपाळानं मध्यंतरानंतर गोलात उभी राहिली. तात्या भाकरीमागून भाकरी खात तिथंच उभे होते. सामना आम्ही हरलो. पण शेवटी पंचाला ज्या शिव्या ऐकू गेल्या, त्या तात्यांच्या होत्या. "बंद" हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. तेव्हापासून दर चंपाषष्ठीला दाजी कुठून तरी एक सामना जुळवायचेच, आणि तळी मैदानावरच उचलली जायची.

दाजी गेल्यावर तेराव्याला भावकी बसली. सायली आता कॉलेजात आहे, विद्यापीठाच्या संघातल्या निवडीसाठी तिची खटपट चालू आहे. बाप गेला तर पोरीचं लग्न वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. ती काढली तात्यांनीच. वाईट हेतूनं नव्हे. गेली काही वर्षं तिच्या सामन्यांना घसा बसवून ओरडणारा माणूस तो. पण धाकटा भाऊ गेल्यावर घरातलं थोरलेपण त्यांना एकदम जड झालं असावं, आणि रीत सांगणं तेवढं त्यांना येत होतं. एक स्थळ त्यांनी मनात धरलंही होतं. सायली खांबाला टेकून जमिनीकडे बघत होती. मी तोंड उघडणार, इतक्यात अक्का बोलली. भावकीपुढे तिचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पदर नीट घेत ती म्हणाली, "तात्या, पोरगी खेळनार हाय. तिच्या बापाला मी शब्द दिलाय."

"मग तीन वर्सं थांबाया लागंल."

"थांबू."

तात्या टोपी हातात फिरवत बसले, मग डोक्यावर घालून उठले.

यंदाची चंपाषष्ठी नुकतीच झाली. वर्ष व्हायचंय म्हणून सण नाही, तळी नाही. सामना मात्र दाजींनी आधीच ठरवून ठेवलेला होता. सकाळी माझ्या दारात टेम्पो उभा राहिला, तात्यांच्या मुलानं आणलेला, आणि मागे पिंपाच्या शेगडीला धरून बसलेली अक्का. मी बघतच राहिले. "अगं, सण नाही ना करायचा?" म्हटलं. ती म्हणाली, "पोरींना जेवू घालाया सन कशाला लागतो?" मैदानावर तिनं कोळसा पेटवला, वांगी मांडली, पण पाठ खेळाकडे. आरडाओरडा झाला की तिचा हात थांबायचा, इतकंच. तात्या थोडे लांब उभे होते, पंचाला काहीही न बोलता. मध्यंतराला सायली आली. एक गोल बसला होता, चेहरा उतरलेला. अक्कानं भाकरीवर भरीत घालून तिच्या हातात दिलं.

सायलीनं घास घेतला. "आई, मीठ कमी हाय."

वांगी परतता परतता, वर न बघता, अक्का म्हणाली, "तुझ्या पप्पास्नी सांग. मी कवाची म्हनतीय त्यान्ला, चाखून बघा..."

आणि थांबली. चिमटा हातात तसाच. तात्यांनी तोंड फिरवलं. मी उगाच ताटल्या एकात एक घालायला लागले. सायलीनं डब्यातलं मीठ चिमटीनं घेतलं, भाकरीवर भुरभुरलं, उरलेलं सगळं खाऊन संपवलं. मग मोजे चढवत आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"सांगते," ती म्हणाली, आणि शिट्टी झाली तशी पळाली.

अक्का वळली. सायली गोलात जाऊन उभी राहीपर्यंत, आणि नंतरही, अक्का तिच्याकडे बघत राहिली. जाळीवरची वांगी एका अंगानं करपून चालली होती, पण ती परतायला हवीत हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.