कागदाचं काज

अख्खी गल्ली तिला काजवाली वहिनी म्हणायची. वीस वर्षं शिंप्याच्या दुकानात बसून तिने कोटांची काजं केली. डोळे थकले, ते काम सुटलं, तेव्हा सासरे आपणहून म्हणाले, "सूनबाई, माझ्या मालाला किमतीच्या चिठ्ठ्या तू लाव. माझी बोटं सदा तेलकट."

सासरे लाकूडकाम करणारे. लेथवर लाकूड फिरवून वाडगे आणि डबे करायचे, चमचे हाताने कोरायचे. सासूबाई गेल्यापासून बोलणं आटलं होतं. सकाळी उठायला एकच कारण उरलं होतं, बाजारातल्या दुकानात त्यांच्या मालाचं एक फडताळ होतं.

तेच जायच्या बेतात होतं, आणि तेही वहिनीच्या हातून. तिने पॉलिश पुरतं मुरायच्या आधीच वाडग्यांवर गोंदाची लेबलं चिकटवली. दुकानवाल्या बाईंनी एक काढून पाहिलं, तर तेलामेणाचा थरही सोबत निघाला. सहाच्या सहा वाडगे परत आले. घरी वहिनीने उरलेली लेबलं नखाने खरवडली, वर रॉकेलचा बोळा फिरवला. आगीतून फुफाट्यात. होती नव्हती ती चकाकीही गेली. बाईंचा निरोप होता, पुढच्या खेपेला एक जरी डाग दिसला तरी फडताळ दुसऱ्याला देईन.

सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते वाडगे पुन्हा घासत बसले.

"मामंजी, चिठ्ठ्या आता तुम्हीच लावा."

"का? उसवलेलं टाकून देत होतीस का शिंप्याच्या दुकानात?"

मग तिने चमच्याच्या मानेला लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधली, चांगली घट्ट. दोन दिवसांनी सोडून पाहते तर मानेभोवती गुलाबी कडं. नशीब, एकाच चमच्यावर करून पाहिलं होतं.

"चमच्याला फास दिलास की काय?" सासरे म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी थट्टा केली होती.

ती हसली, आणि हसता हसता थांबली. कोटाचं बटण कधी घट्ट लावत नाहीत. बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याची छोटी मान ठेवतात, म्हणजे कापड ओढलं जात नाही. तिने बिनरंगी सुती दोरा धुऊन वाळवला आणि बोट सहज जाईल एवढा सैल फेरा चमच्याला घातला.

वाडग्याला मात्र ना मान ना कान. दोरा अडकवायचा कुठे? तिने मऊ, जाड कागदाची पट्टी कापली, वाडग्याच्या तोंडावरून बुडाखाली नेली, एका टोकाला काज पाडलं आणि दुसऱ्या टोकाची जीभ त्यात अडकवली. गोंद नाही, टाचणी नाही. किंमत वर, काज खाली. डब्यांनाही तशीच पट्टी, म्हणजे झाकणही जागेवर.

या खेपेला घाई नव्हती. पंधरा दिवस माल खिडकीपाशी वाळला. रोज ती पांढरं फडकं अंगठ्याला गुंडाळून दाबून बघायची. फडकं कोरं निघालं, तेव्हाच पट्ट्या चढल्या.

दुकानात बाईंनी एक वाडगा घेतला, पट्टी सोडवली आणि वाडगा दाराच्या उजेडात नेला. अंगठा आतून फिरवला, बाहेरून फिरवला. वहिनी त्या अंगठ्याकडेच बघत होती. बाईंनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग पट्टी पुन्हा घालायला गेल्या, तर त्यांना काज सापडेना.

"खाली आहे," वहिनी म्हणाली.

"बाई गं, कागदाला काज," म्हणत बाईंनी जीभ अडकवली आणि सगळे वाडगे फडताळावर मांडले. "चमचे कमी दिसतात. पुढच्या वेळी जास्त आणा."

घरी आल्यावर वहिनीने सगळं जसंच्या तसं सांगितलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, घरात उरलेला एक वाडगा उलटा करून बुडाकडे पाहिलं आणि लेथवर नवं लाकूड चढवलं.

"आता बुडाला मध्ये थोडा खोलगटपणा ठेवतो," ते म्हणाले. "तुझं काज आत बसेल, वाडगा डुगडुगायचा नाही."